ऊरबीरला एकदा साडेचार, एकदा अडीच: छोट्या बेल्जियन ब्रुअरीच्या बिअरना गुण कसे द्यावेत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. संशोधनासाठी तुम्ही ल्यूव्हेनला राहता. एप्रिलमध्ये पश्चिम फ्लँडर्समधल्या एसेन या गावी जाऊन तुम्ही ‘दे डोले ब्राउवर्स’ या ब्रुअरीतून, म्हणजे बिअर तयार करणाऱ्या छोट्या कारखान्यातून, सहा वेगवेगळ्या बाटल्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी एका मित्राबरोबर त्या सगळ्या चाखून प्रत्येकीला पाचपैकी गुण दिले. स्टिले नाख्टला पावणेपाच, ऊरबीरला साडेचार आणि आराबीरला जेमतेम तीन मिळाले. दोन महिन्यांनी ल्यूव्हेनमधल्या एका दुकानातून तुम्ही एक आराबीर आणि ऊरबीरच्या दोन बाटल्या घेतल्या. घरी आल्यावर आधी आराबीर उघडली आणि ती इतकी आवडली की तिला सव्वाचार द्यावेसे वाटले. नंतर उघडलेली ऊरबीर मात्र आंबटसर लागली आणि तिला अडीचच्या वर गुण देववले नाहीत. आपली जीभ कच्ची आहे की बाटली खराब होती, असे तुम्ही विचारले आहे.

मी पूर्व फ्लँडर्समधल्या छोट्या ब्रुअऱ्यांमध्ये सोळा वर्षे काम केले आहे आणि त्यातली बरीच वर्षे चव-परीक्षणाच्या टेबलावरही बसलो आहे. तुमची बाटली मी चाखलेली नाही, त्यामुळे ती खराब नव्हतीच असे मी ठामपणे सांगू शकत नाही, आणि ते कसे ओळखावे याकडे पुढे येईन. परंतु तुम्ही दिलेल्या तपशिलावरून मला असे दिसते की जिभेचाही दोष नाही आणि बहुधा बाटलीचाही नाही. त्या दोन प्रसंगांच्या मध्ये बिअरचे वय बदलले होते, चाखण्याचा क्रम बदलला होता, आणि गुण नेमके कशाला द्यायचे हे दोन्ही वेळा ठरलेलेच नव्हते. या तिन्ही गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय साडेचार आणि अडीच या आकड्यांची तुलना होऊ शकत नाही.

आधी ऊरबीरबद्दल, कारण तुमच्या कोड्याचा मोठा भाग तिथेच आहे. १९८० मध्ये हर्तेलेर बंधूंनी एसेनमधली एक जुनी, बंद पडू घातलेली ब्रुअरी घेतली आणि तिथे पहिली जी बिअर केली ती ऊरबीर. ‘ऊर’ म्हणजे आद्य, मूळचे. अनेक प्रकारचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), काळी कँडी साखर, जवळच्या पोपरिंगे परिसरातले हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुले) आणि आज ९ टक्के अल्कोहोल, अशी तिची घडण आहे. महत्त्वाचा भाग यीस्टचा आहे. सुरुवातीची जवळजवळ दोन दशके हे यीस्ट रूसेलारे इथल्या रोडेनबाख ब्रुअरीकडून येत असे आणि ते शुद्ध, एकाच वाणाचे यीस्ट नव्हते. त्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणूही असत. तो पुरवठा थांबल्यावर एसेनच्या मंडळींनी स्वतःचे यीस्ट जोपासले, पण त्या बिअरचा स्वभाव त्यांनी सोडला नाही. म्हणून ताजी ऊरबीर गोडसर, काळ्या मनुकांसारखी लागते आणि बाटलीत जसजसे महिने जातात तसतशी तिच्यात आंबटपणाची एक बारीक रेघ उमटू लागते. हीच बिअर ओकच्या पिंपात मुरवून ते ‘रेझर्वा’ या नावाने विकतात, आणि तिच्यात तर आंबटपणा उघडपणे पुढे असतो. ऊरबीरचे आंबट होणे म्हणजे तिचे वय होणे आहे, हे ठाऊक नसलेल्या माणसाला ती बिघडलेली वाटणे अगदी साहजिक आहे.

ब्रुअरीतून थेट घेतलेली बाटली बहुधा ताजी होती. दुकानातली किती काळ फळीवर उभी होती ते तुम्हाला माहीत नाही. बाटलीत यीस्ट जिवंत ठेवून भरलेल्या बिअरच्या बाबतीत ही पहिली नोंद असली पाहिजे: कधी भरली, कुठून घेतली, कशी ठेवली होती. यात एक अडचण अशी की १० टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयांवर ‘या तारखेपूर्वी उत्तम’ अशी तारीख छापणे युरोपीय नियमांनुसार बंधनकारक नाही, त्यामुळे स्टिले नाख्टसारख्या १२ टक्क्यांच्या बिअरवर ती मिळेलच असे नाही. अशा वेळी दुकानदाराला हा माल कधी आला ते विचारावे. बेल्जियममधला चांगला दुकानदार या प्रश्नाला कंटाळत नाही.

आराबीरचे घड्याळ याच्या उलटे चालते. ८ टक्क्यांची ही फिकट सोनेरी बिअर आहे आणि आंबवून झाल्यावर तिच्यात पुन्हा सुके हॉप्स घातलेले असतात. हॉप्सचा हा वरचा, हिरवा, सालीसारखा वास काही महिन्यांतच विरू लागतो. म्हणजे एकाच ब्रुअरीच्या दोन बाटल्या एकाच कपाटात वर्षभर ठेवल्या, तर एक स्वतःच्या स्वभावाच्या जवळ जाईल आणि दुसरी त्यापासून दूर. या ब्रुअरीच्या बिअरमध्ये आराबीर ही सर्वात कमी कौतुक झालेली आहे असे माझे मत आहे. तिला नेहमी थोरल्या भावंडांच्या शेजारी उभे केले जाते, हे त्याचे मुख्य कारण. तुमच्या घरीही तेच घडले.

तुम्ही लिहिलेला त्या संध्याकाळचा क्रम पाहा: स्टिले नाख्ट, डुले तेवे, ऊरबीर, एक्स्ट्रा एक्स्पोर्ट स्टाउट (भाजलेल्या माल्टची काळी बिअर), बॉस्क्योन आणि सर्वात शेवटी आराबीर. स्टिले नाख्ट ही नाताळासाठीची, १२ टक्क्यांची, दाट आणि गोड बिअर आहे. श्रीखंडाची वाटी संपवून चहा प्यायलात तर साखर घातलेला चहाही अगोड लागतो. स्टिले नाख्टने जिभेची गोडीची पट्टी एकदा वर नेऊन ठेवली की मागून येणारी प्रत्येक बिअर त्या पट्टीवर पातळ आणि कडू ठरते, आणि आराबीर तर मुळातच कोरडी व कडवट आहे. त्यात स्टाउटच्या भाजलेल्या माल्टचा कडूपणा जिभेवर आधीच साठलेला होता. कडूपणा घोटागणिक साठत जातो आणि साध्या पाण्याने तो लगेच धुतला जात नाही. दुसऱ्या वेळी तुम्ही आराबीर स्वच्छ जिभेने आणि सर्वात आधी प्यायलात, आणि तिला सव्वाचार मिळाले. माझ्या दृष्टीने त्या बिअरला दिलेला तो पहिला खरा गुणांक आहे. ऊरबीर मात्र या वेळी तिच्यामागून आली. आराबीरच्या कोरडेपणानंतर तिचा आंबटपणा अधिकच पुढे आला असेल, म्हणून अडीचमधला काही भाग त्याही क्रमाच्या खाती टाकावा लागेल.

आता थोडे गणित करू, कारण याकडे सहसा कोणी पाहत नाही. ३३ सेंटिलिटरच्या त्या सहा बाटल्यांमध्ये अनुक्रमे १२, १०, ९, ९, १० आणि ८ टक्के अल्कोहोल धरले तर एकूण सुमारे १९० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल होते. दोघांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ९५ मिलिलिटर, म्हणजे ७५ ग्रॅम येते. बेल्जियममध्ये एक प्रमाणित पेय १० ग्रॅमचे धरतात. म्हणजे शेवटच्या बिअरला गुण देताना तुम्ही दोघेही सातव्या-आठव्या पेयावर होता. त्या अवस्थेत माझ्यासारख्या रोज चाखणाऱ्या माणसाचाही निर्णय मी ग्राह्य धरणार नाही. अशा तीव्र बिअर असतील तर एका बैठकीत चारपेक्षा जास्त घेऊ नयेत, चार-पाच जणांनी मिळून एकेक बाटली वाटून घ्यावी, आणि प्रत्येकाच्या ग्लासात ६० ते ८० मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नये. वास घेण्यासाठी, दोन-तीन घोटांसाठी आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा तपासण्यासाठी तेवढे पुरेसे होते.

क्रमाचा परिणाम किती मोठा असू शकतो याचा धडा मला एका आंधळ्या परीक्षणात मिळाला. ग्लासांवर फक्त आकडे होते आणि आयोजकांनी मुद्दाम एकच बिअर रांगेत दोनदा ठेवली होती, एकदा अगदी सुरुवातीला आणि एकदा एका गोड, गडद बिअरच्या मागोमाग. मी तिला ५० पैकी आधी ३८ आणि नंतर २९ गुण दिले. कागद परत मिळाले तेव्हा ते नऊ गुणांचे अंतर पाहून मला रात्रभर झोप आली नाही. त्यानंतर मी एक नियम पाळत आलो आहे: रांग संपल्यावर पहिल्या ग्लासाकडे परत जायचे आणि तो पुन्हा चाखायचा. पहिल्या ग्लासावर नेहमीच अन्याय किंवा अतिकृपा होते, कारण तेव्हा तुलनेला काहीच नसते.

बाकीच्या परिस्थितीबद्दल मी थोडक्यात सांगतो, पण यातली एकही गोष्ट दुय्यम नाही. तुम्ही बाटल्या फ्रिजमधून काढून लगेच ओतल्या. ५ अंशांना ऊरबीरसारखी गडद बिअर वासच देत नाही. तिची गोडी दबते, वायू जिभेला टोचतो आणि अल्कोहोलची धार तेवढी उरते. तिला १२ ते १४ अंशांवर येऊ द्यावे, आराबीरला ८ ते १० पुरेत. एसेनहून रेल्वेने हलत-डुलत आलेल्या बाटल्या त्याच संध्याकाळी उघडल्या, म्हणजे तळाचा गाळ सगळ्या बिअरमध्ये मिसळलेला होता. त्या निदान दोन दिवस उभ्या ठेवायला हव्या होत्या. ओततानाही एक चूक बहुतेक सगळे करतात: एका ग्लासात ओतून बाटली सरळ करतात आणि मग दुसऱ्या ग्लासाकडे वळतात. प्रत्येक हिंदोळ्यासरशी गाळ वर येतो, त्यामुळे पहिल्या माणसाला नितळ आणि शेवटच्याला गढूळ, यीस्टच्या पिठूळ कडूपणाची बिअर मिळते, आणि मग एकाच बाटलीवर दोघांचे वाद होतात. सगळे ग्लास एकमेकांना चिकटवून मांडावेत, बाटली एकदा तिरकी केली की सरळ न करता ग्लासांवरून पुढे न्यावी, आणि तळाची बोटभर बिअर बाटलीतच ठेवावी. ती हवी तर शेवटी वेगळी चाखावी.

घरातल्या वासांचाही विचार करावा. ज्या स्वयंपाकघरात तासाभरापूर्वी हिंग-मोहरीची फोडणी पडली आहे किंवा देवापुढे उदबत्ती लावली आहे, तिथे यीस्टचा लवंगेसारखा सूक्ष्म वास कोणालाही पकडता येणार नाही. ग्लासाला भांडी घासण्याच्या साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि त्याचा दोष बिअरला जातो. दोन बिअरच्या मध्ये पाणी आणि बिनमिठाचा पाव घ्यावा. चीज आणि शेंगदाणे गुण देऊन झाल्यावर.

इथपर्यंत जे सांगितले ते बिअरला न्याय्य संधी देण्याबद्दल होते: वय माहीत असावे, क्रम हलक्याकडून जडाकडे आणि कोरड्याकडून गोडाकडे असावा, मात्रा थोडी असावी, तापमान आणि ओतणे सांभाळावे. आता तुम्ही ज्यासाठी विचारले त्या आकड्याकडे येतो.

आकडा सर्वात शेवटी लिहावा. आधी शब्द लिहावेत, आणि ते तुमच्या स्वतःच्या घरातले असावेत. तुमच्या नोंदींमध्ये मला अंजीर, प्लम, टॉफी असे शब्द दिसले; हे बहुधा इतरांच्या नोंदींमधून आले आहेत. तुम्ही लहानपणी रोज प्लम खाल्लेले नाहीत, त्यामुळे त्या शब्दामागे तुमच्या नाकात काहीच साठवलेले नाही. पण काकवी तुम्हाला डोळे मिटूनही ओळखता येते. गुऱ्हाळावर उकळणारा रस, जुना काळा गूळ, भिजवलेल्या मनुका, खजूर, सुंठ, लवंग, पिकलेले केळे, पावसाळ्यातला ओला पुठ्ठा, हे सगळे तुमच्या स्मरणात पक्के बसलेले आहे. मी फ्लेमिश सहकाऱ्यांबरोबर काम करतानाही आधी मराठीत लिहितो आणि नंतर त्यांच्या शब्दांत मांडतो. काळ्या कँडी साखरेचा वास माझ्या वहीत सोळा वर्षे ‘काकवी’ म्हणूनच नोंदला जातो आहे आणि त्यामुळेच तो दर वेळी तोच असतो. यात एक जाणण्याजोगी गोष्ट अशी की ही साखर बिअरला गोड करत नाही. यीस्ट ती जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते, त्यामुळे अल्कोहोल वाढते आणि बिअरचा तोंडातला दाटपणा कमी होतो. मागे उरतो तो वास आणि रंग. गोडी असते ती मुख्यतः न आंबलेल्या माल्टची.

आंबटपणासाठी तर आपली भाषा फारच समृद्ध आहे, आणि तुमच्या दुसऱ्या ऊरबीरचा निवाडा तिथेच होईल. ताज्या ताकासारखा, जिभेच्या कडांना जाणवणारा, गोडीशी मिसळून जाणारा आंबटपणा हा लॅक्टिक आम्लाचा आहे आणि तो या बिअरच्या स्वभावातला आहे. नाकात झोंबणारा, घशाशी जळजळ करणारा व्हिनेगरचा वास हे अॅसिटिक आम्ल आहे; त्याची किंचित छटा पिंपात मुरलेल्या बिअरमध्ये शोभते, पण साध्या बाटलीत तो पुढे आला तर गुण कापावेत. झाकण काढताच फेस उसळून टेबलावर आला, बिअर पाण्यासारखी पातळ लागली आणि आंबटपणाखाली गोडीचा मागमूस राहिला नाही, तर नको असलेल्या जंतूंचा शिरकाव झाला असे समजावे. ओल्या पुठ्ठ्याचा वास असेल तर प्राणवायूने बिअर शिळी केली आहे. वितळलेल्या लोण्याचा वास असेल तर तो डायअॅसेटिलचा, म्हणजे आंबताना तयार होणाऱ्या एका द्रव्याचा. तुम्ही फक्त ‘आंबट’ एवढेच लिहिले आहे, म्हणून मी ठाम सांगू शकत नाही. पण ‘शेवटी मनुका लागल्या’ असेही तुम्ही लिहिले आहे, आणि बिघडलेल्या बाटलीत मनुका टिकत नाहीत.

गुणांसाठी मी ५० गुणांचा तक्ता वापरतो, जो ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’च्या परीक्षकांमध्ये रूढ आहे: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. पाचपैकी एकच आकडा देताना फेसाचे सौंदर्य, बाटलीचे चित्र आणि त्या दिवसाचा आनंद हे सगळे एकाच टोपलीत पडते. विभागून दिल्यावर निदान तुमचे तुम्हाला कळते की गुण कुठे गेले. दिसण्याला ५० पैकी केवळ ३ आहेत, हेच किती बोलके आहे.

मात्र या तक्त्याची एक मर्यादा आहे आणि एसेनच्या बिअरना ती फार जाचते. स्पर्धेत बिअर एखाद्या ठरलेल्या शैलीच्या वर्णनाशी ताडून पाहिली जाते. हर्तेलेर बंधूंनी कोणत्याही शैलीचे वर्णन समोर ठेवून बिअर केलेली नाही; आराबीर ट्रिपेलच्या, म्हणजे फिकट आणि तीव्र बेल्जियन बिअरच्या शैलीच्या, चौकटीत बसवली तर ती फार कडू ठरेल आणि स्टिले नाख्ट तर कुठल्याच चौकटीत नीट बसणार नाही. बेल्जियममधल्या बऱ्याच छोट्या ब्रुअऱ्यांचे हेच आहे. म्हणून अशा बिअरसाठी मी शैलीच्या जागी करणाऱ्याचा हेतू ठेवतो: त्याला काय करायचे होते, ते या बाटलीत कितपत उतरले आहे, आणि काही नको ते शिरले आहे का. त्यातून येतो तो दर्जाचा गुण. मला ती आवडली का, पुन्हा घ्यावीशी वाटते का, याचा एक स्वतंत्र शेरा मी शेजारी लिहितो आणि तो पहिल्यात कधीही मिसळत नाही. डुले तेवे ही १० टक्क्यांची बिअर मला फारशी आवडत नाही, तिची अल्कोहोलची ऊब मला जास्त वाटते. तरीही माझ्या वहीत तिचा दर्जाचा गुण ३८च्या खाली क्वचितच आला आहे.

तुम्ही आजवर एकच आकडा देत आलात, आणि त्यात आवड जास्त होती. त्यात गैर काही नाही, फक्त तो आकडा बिअरचा आहे असे समजू नये. इतरांनी दिलेल्या गुणांच्या सरासरीतही मला हेच दिसत आले आहे की तीव्र, गोड आणि दुर्मिळ बिअर वर चढतात आणि पाच-सहा टक्क्यांची निर्दोष बिअर मध्येच अडकून राहते, कारण एका घोटात भारावून टाकण्याची ताकद तिच्यात नसते. ज्या बिअरचा पूर्ण ग्लास संपल्यावर दुसरा घ्यावासा वाटतो तिला चमचाभर चाखून न्याय मिळत नाही, त्यामुळे आराबीरसारखी बिअर मी चाखण्याच्या बैठकीनंतर वेगळ्या दिवशी पूर्ण बाटली पिऊनच नक्की करतो.

जिभेबद्दलची तुमची शंका तपासण्याचा एक साधा मार्ग आहे. मित्राला तीन सारखे ग्लास घ्यायला सांगा, दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि तुम्ही न पाहता वेगळा ग्लास ओळखा. रंगाने फसगत होऊ नये म्हणून दिवा मंद करा किंवा डोळ्यांवर पट्टी बांधा. नुसत्या नशिबाने एकदा बरोबर येण्याची शक्यता तीनात एक आहे, पण लागोपाठ चार वेळा बरोबर येण्याची एक्याऐंशीत एक. सुरुवातीला डुले तेवे आणि बॉस्क्योन अशी जवळची जोडी घेऊ नका, ती मलाही अवघड जाते.

तुमच्याकडे त्या दुकानातली ऊरबीरची दुसरी बाटली अजून शिल्लक आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. ती एवढ्यात उघडू नका. अंधाऱ्या, थंड जागी उभी ठेवा. पुढच्या वेळी एसेनला जाल तेव्हा ताजी ऊरबीर आणा, तिलाही दोन-तीन दिवस उभी राहू द्या, आणि मग दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच तापमानाला, कोणती कुठली हे माहीत नसताना शेजारी शेजारी ओतून घ्या. दुसरे काहीही त्या संध्याकाळी उघडू नका. आधी दोघींचे शब्द लिहा, मग ५० पैकी गुण द्या, आणि जुन्या बाटलीतला आंबटपणा ताकाकडे झुकतो की व्हिनेगरकडे ते मला कळवा. तेवढ्यावरून दुकानातली आधी उघडलेली बाटली खराब होती की नुसती वयाने मोठी, हे मी बऱ्याच खात्रीने सांगू शकेन.